दुसऱ्या सहीचा रकाना

३ फेब्रुवारी, मंगळवार

औषध कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देऊन जातो आणि मी दरवर्षी तिची पानं मागवायच्या औषधांच्या याद्या करण्यात संपवतो. यंदा मात्र लिहायचं ठरवलं. आज औषध खात्याचं पत्र आलंय आणि मन कुठेतरी मोकळं करायला हवं. हिच्यापाशी केलं तर ही म्हणते, "अहो, होईल सगळं नीट." एवढ्याने माझं समाधान होत नाही. कंपनीने काटकसर केलेली दिसते, यंदाच्या डायरीला रेघाच छापलेल्या नाहीत. ओळी वरखाली गेल्या तर दोष माझा नाही.

तर पत्र. आमच्या दुकानाचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्यासाठी या महिन्यात कधीही तपासणी होणार. यात नवीन काही नाही. नवीन आहे ते शेवटच्या परिच्छेदात. यापुढे डॉक्टरच्या चिठ्ठीवरून काढलेलं प्रत्येक औषध गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी दुसऱ्या फार्मासिस्टने तपासायचं आणि रजिस्टरमध्ये दुसऱ्या रकान्यात सही करायची. सही नसेल तर परवाना नाही.

दुसरी फार्मासिस्ट म्हणजे धाकटी, माझी सख्खी बहीण. शिकली माझ्याच कॉलेजात, माझ्या मागे दोन वर्षं. मेहुणे गेल्यापासून दुकानाच्या वरच्या खोल्यांत एकटी राहते. वडिलांनी दुकान दोघांच्या नावावर केलं, पण काउंटरमागच्या खुर्चीवर बसवलं मला. एकतीस वर्षं मी तिथे बसतोय. नियमाप्रमाणे आमच्याकडे चुकांची वही आहे, औषध देताना काही चुकलं तर त्यात लिहायचं. त्या वहीत धाकटीच्या तीन चुका आहेत, तिने स्वतःच लिहिलेल्या. माझी एकही नाही. एकतीस वर्षांत एकही नाही! आणि आता तिने माझ्या कामाखाली सही करायची.

परवाना गेला तर वडिलांच्या दुकानाला कुलूप लागेल, हे मला कळतं. पण ती सही मला गिळवत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तयारीची यादी केली. फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिणं, चालू. झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांच्या कपाटाला दोन कुलुपं, आहेत. मुदत संपलेली औषधं वेगळ्या खोक्यात, आहेत. परवान्याची चौकट गिऱ्हाइकाला दिसेल अशी, ती वडिलांच्या फोटोशेजारी आहे. भिंती स्वच्छ आणि पांढऱ्या हव्यात, त्या मात्र नाहीत. रंगारी सोमवारी येतो म्हणालाय.

काउंटरवरचा बल्बही बदलला. हल्लीच्या बल्बांत दम नाही. महिन्याभरातला हा तिसरा. धाकटी म्हणाली, "दादा, बल्ब ठीक आहे. एकदा नीट बघून घे ना कुठेतरी." मी म्हटलं, बघितला, वॅट बरोबर आहेत.

हल्ली केसांना काय लावते कोण जाणे, जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळट दिसतात. बोललो नाही. तिचा नवा नियम, तिचे केस, एका दिवसात दोन भांडणं नकोत.

९ फेब्रुवारी, सोमवार

रंगाऱ्याने डोक्यावर मिरे वाटले. मी पांढरा सांगितला होता, शुद्ध पांढरा. संध्याकाळी बघतो तर भिंत सायीसारखी पिवळसर. म्हटलं, उरलेला रंग खपवायला दुसरं दुकान नव्हतं का? तर म्हणतो, "काका, डबा बघा की. यापेक्षा पांढरा कंपनी बनवतच नाही." डबाही मला पिवळटच वाटला. तिसरा हात मारायला लावला, तरी तेच. ही मधे पडली, "अहो, छान पांढरी झालीय हो." बायकोने तरी आपल्या बाजूने बोलावं! रंगारी जाताना धाकटीशी दाराशी काहीतरी कुजबुजला. ती मान हलवत होती.

सकाळी औषधं खोक्यांत भरायला घेण्याआधी टेलरमास्तरांची डबी भरली. मास्तर म्हणजे समोरच्या गल्लीतले म्हातारे शिंपी. त्यांच्या हृदयात बसवलेली झडप नीट चालावी म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी घ्यावी लागते. ती जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव, कमी झाली तर गुठळी. मास्तर एकटे राहतात, म्हणून सात खणांची डबी मी दर सोमवारी भरून देतो. या गोळ्या शंभराच्या बाटल्यांत येतात, थोड्या नाव छापलेल्या पट्ट्यांतही; पांढरी सौम्य आणि पिवळी तिच्या तिप्पट जोराची. मास्तरांना पांढरी. पांढरीची बाटली फडताळाच्या डाव्या टोकाला, पिवळीची उजव्या. वडिलांच्या वेळेपासून ही जागा ठरलेली आहे, आंधळाही काढून देईल.

धाकटीची एक खोड सांगायची राहिली. मी डबी भरली की ती उचलून खिडकीपाशी नेते, एकेक खण उघडून बघते. आज तर मास्तरांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्याही नेल्या आणि फडताळापाशी काहीतरी खुडबुड करून परत आणल्या. मग दुसऱ्या रकान्यात सही केली, लगबगीने, माझ्याकडे न बघता. नवा नियम येण्याआधी गेलं वर्षभर ती हेच करतेय. मला कळत नाही असं तिला वाटतं. तिला माझ्या खुर्चीत बसायचंय.

हिला म्हटलं तसं. ही म्हणाली, "बसायचं असतं तर एकतीस वर्षं उभी राहिली असती का?"

११ फेब्रुवारी, बुधवार

रंग वाळला. सगळी औषधं खोक्यांतून काढून परत फडताळात लावली. धाकटी म्हणाली, "मी नावं वाचते, तू लाव." मी म्हटलं, एकतीस वर्षं लावतोय, मला वाचून दाखवायला शाळा लागलीय का? तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, वर निघून गेली. सहाशे बाटल्या-खोकी एकट्याने लावली. कंबर मोडली पण समाधान वाटलं. लेबलांवरची अक्षरं मात्र कंपन्यांनी इतकी बारीक केलीत की वाचणाऱ्याने दुर्बीण घेऊन बसावं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

एक बसकंडक्टर डोळ्यांत घालायचे थेंब मागायला आला. म्हणाला, दिव्याभोवती वलयं दिसतात, तिकिटावरचे आकडे पुसट वाटतात, रंग मळकट दिसतात. मी त्याला चांगला अर्धा तास समजावलं. म्हटलं, बाबा रे, हा मोतीबिंदू आहे, थेंबांनी जात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लोकांना स्वतःचं काही दिसत नाही, कोणीतरी सांगावं लागतं. घाबरण्यासारखं काही नाही, दहा मिनिटांची शस्त्रक्रिया असते. तो पाया पडायचाच बाकी होता.

धाकटी सगळं ऐकत उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "किती छान समजावलंस दादा." तिच्या तोंडून कौतुक ऐकून बरं वाटलं. तरी जरा वेळ तशीच बघत राहिली, काहीतरी बोलायचं असल्यासारखी. मग म्हणाली, उद्या तीन दिवसांसाठी लेकीकडे जाते, नातीला ताप आहे. "सोमवारची मास्तरांची डबी मी आल्यावर भरू. तोवर त्यांना पट्टीतल्या सुट्या गोळ्या पाठव हवं तर. चिठ्ठीवरचं दुसरं काही काढू नकोस. तीन दिवस बाकीचं विकत बस."

तीन दिवस साबण आणि टूथपेस्ट विकत बसू म्हणे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर सकाळी नेहमीसारखे आले, टेप गळ्यात, डबी हातात. त्यांना काय सांगू, बहीण नाही म्हणून तुमचं औषध नाही? डावीकडची बाटली काढली, सात खण भरले, डबी दिली. पहिल्या रकान्यात सही केली. दुसरा रकाना रिकामा दिसत होता आणि तपासणी कधीही येईल. तिथेही सही केली. धाकटीची. तिची सही सोपी आहे, लहानपणी प्रगतीपुस्तकावर वडिलांचीसुद्धा मीच करायचो.

लिहिताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटतेय. पण औषध बरोबर दिलंय, सही काय, शाईच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारीच लिहायला बसलो.

सकाळी शटर उघडतोय तोच मास्तर आले. एका हातात डबी, दुसऱ्या हातात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. म्हणाले, "भाऊ, रागावू नका. काल संध्याकाळी गोळी तळहातावर घेतली आणि मनात आलं, ही काही पांढरी नाही. चाळीस वर्षं सदऱ्याला जुळता दोरा शोधत आलो. माझ्याकडे पांढऱ्याच्या नऊ जाती आहेत, ही दहावी नाही. म्हणून रीळ शेजारी ठेवून बघितली. पिवळी आहे. घेतली नाही मी."

मी रीळ आणि गोळी हातात घेतली. दोन्ही मला सारखीच दिसली. अगदी सारखीच. रस्त्यावर उन्हात नेली, तरी सारखी. मग फडताळाकडे गेलो, डाव्या टोकाची बाटली काढली, नाकाला टेकेल एवढी जवळ धरली आणि लेबल वाचलं. तिप्पट जोराची. बुधवारी लावताना मी दोन्ही बाटल्यांची अदलाबदल केली होती आणि काल लेबल वाचलं नाही, जागेवरून उचलली.

मास्तरांना मी खुर्चीवर बसवलं, माझ्या खुर्चीवर. दोन-तीनदा विचारलं, नक्की नाही ना घेतली? एकही नाही? त्यांनी डबी उघडून दाखवली, सातही खण भरलेले. तरी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एक दिवस चुकलाय, आज संध्याकाळपासून पांढरी नेहमीसारखी चालू करा, काही होणार नाही. मग एकदम आठवलं, पिवळी घेणाऱ्याही एक बाई आहेत, त्यांना सौम्य गोळी गेली असेल तर? रजिस्टर चाळलं, अक्षरं पुसट होत होती, तरी बोट ठेवून ठेवून वाचलं. त्या महिन्याला एकदाच येतात, या खेपेला परवा गुरुवारी. आज मंगळवार. माझा जीव भांड्यात पडला आणि मी मास्तरांसमोर, भर दुकानात रडलो. ते टेप काढून माझ्या पाठीवर हात फिरवत होते, "अहो, बाही उलटी लागते कधी कधी. उसवायची, परत लावायची."

पांढरी गोळी पट्टीतली काढली आणि पट्टीवरचं नाव मास्तरांकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. मग दुकान बंद केलं. दारावर "आज औषधं मिळणार नाहीत" अशी पाटी लावली. वडील गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

१८ फेब्रुवारी, बुधवार

धाकटी दुपारी परत आली, पाटी बघून धावतच दुकानात आली. मी सगळं सांगितलं, सहीसकट. वाटलं होतं, भांडेल. ती पायरीवर बसली. मग पर्समधून एक छोटी वही काढून माझ्या हातात दिली. मला वाचता येईना म्हणून तिनेच वाचून दाखवली.

गेल्या एप्रिलपासून सात तारखा. एकदा मधुमेहाची गोळी चुकीची, एकदा लहान मुलाच्या औषधाचं प्रमाण दुप्पट, ९ तारखेला मास्तरांच्या रक्तदाबाच्या पट्ट्या. सातही वेळा तिने काउंटरवरच बदललं होतं. एकही बाहेर गेलं नाही.

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. प्रत्येक वेळी म्हटलं, एकदा नीट बघून घे. तू बल्ब बदललास."

गेली दोन वर्षं मी बल्बांवर, छपाईवर, रंगाऱ्यावर आणि बहिणीवर चिडत होतो. मला कुठेतरी कळत होतं, हे आज इथे लिहून टाकतो. कंडक्टरला जे अर्धा तास सांगितलं ते मला पाठ होतं. पण डोळे गेले म्हणजे खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली तर मी सकाळी उठून कुठे जायचं, ही भीती होती. मी डोळे मिटून बसलो आणि मास्तर माझ्यामुळे जाता जाता वाचले.

धाकटी म्हणाली, "चूक माझीही आहे दादा. हे सात चुकांच्या वहीत जायला हवे होते. तुझं नाव कोरं राहावं म्हणून मी लपवले."

दोघांनी मिळून ठरवलं. वही काढली, मी माझी पहिली नोंद लिहिली: १६ फेब्रुवारी, रक्त पातळ करणारी गोळी, पांढरीऐवजी पिवळी, कारण लेबल वाचलं नाही. खाली: दुसऱ्या रकान्यातली सही माझी, बहिणीची नव्हे. मग तिने तिच्या छोट्या वहीतले सात लिहिले. ती लिहीत असताना मी चहा केला. तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

परवाना राहील का माहीत नाही. मास्तर जिवंत आहेत एवढं माहीत आहे, आणि आज तेवढ्यानेच हलकं वाटतंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तपासणी झाली. मला वाटलं होतं, ढेरपोट्या साहेब आणि त्याच्यामागे दोन कारकून येतील. आली एक सडपातळ बाई, पायात धावायचे बूट, हातात कापडी पिशवी. फ्रिजमधलं थर्मामीटर बघितलं, दोन कुलुपांचं कपाट उघडायला लावून आतल्या गोळ्या मोजल्या, मुदत संपलेली औषधं बघितली. मग म्हणाली, "चुकांची वही द्या."

वाचली. दोनदा वाचली. आम्ही दोघं शाळेत छडी खाणाऱ्या पोरांसारखे उभे. मी म्हटलं, "मॅडम, सहीचं प्रकरणही लिहिलंय, ते आधी बघा. माझ्या बहिणीला त्यातलं काही माहीत नव्हतं."

ती म्हणाली, "एकतीस वर्षं तुमच्या नावावर एकही नाही आणि आठवड्याभरात आठ नोंदी?"

"हो."

"सोमवारी आले असते तर मला तुमचं नाव कोरंच दिसलं असतं, बरोबर?"

"बरोबर."

"मग तपासणीला मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागलं असतं. एवढं कोरं नाव बघितलं की मी अख्खं दुकान उलटंपालटं करते." तिने पेन काढलं. "खोट्या सहीबद्दल लेखी ताकीद देतेय, ती फाइलला राहील, पुन्हा झालं तर दुकान बंद. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र आणेपर्यंत औषध काढायचं नाही. दुकान तुमच्या बहिणीच्या नावावर चालेल, आणि तपासायला मी शेजारच्या हॉस्पिटलमधला एक फार्मासिस्ट सुचवते, तो दुपारी येईल. हे मान्य असेल तर परवाना नवा होईल."

मान्य, म्हटलं. बाई दाराशी थांबल्या, भिंतीकडे बघत म्हणाल्या, "रंग छान दिलाय. एवढी पांढरीशुभ्र भिंत हल्ली बघायला मिळत नाही."

धाकटीला हसू आवरेना. मीही हसलो, दोन दिवसांत पहिल्यांदा. मग दोघंही इतके हसलो की बाई परत वळून बघायला लागल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. म्हणाले, "तुम्ही औषधांच्या दुकानात असून एवढे दिवस कसे काढलेत?" ही शेजारी होती, माझ्या वतीने म्हणाली, "बल्ब बदलून."

पुढच्या आठवड्यात उजवा, त्यानंतर डावा. भीती वाटते का म्हणून हिने विचारलं. वाटते, म्हटलं. आता असं बोलायला जमायला लागलंय.

१६ मार्च, सोमवार

या डायरीला रेघा आहेत. फिकट निळ्या, पण अगदी स्पष्ट. पहिल्या पानापासून आहेत आणि मी त्या सगळ्यांवरून आडवातिडवा चालत आलोय.

सकाळी आधी रंगाऱ्याकडे गेलो. म्हटलं, भिंत पांढरी आहे. तो म्हणाला, "काका, मला माहीत होतं. तुमच्या ताईंना मी त्याच दिवशी सांगितलं, काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या." मी कपाळाला हात लावला. अख्ख्या गल्लीला माझे डोळे ठाऊक होते, एक माझ्याखेरीज.

डॉक्टरचं पत्र तपासणीच्या बाईंना पोचलं, उत्तरही आलं. दहा वाजता मास्तर डबी घेऊन आले. फडताळाच्या डाव्या टोकाची बाटली काढली, लेबल मोठ्याने वाचलं, जागा विसरून. गोळ्या तळहातावर घेतल्या. पांढऱ्या. शेजारी मास्तरांनी मुद्दाम रीळ आणून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "कसं काय?" मी म्हटलं, तुमच्या नऊ जातींतली कुठली ते नाही सांगता येणार, पण पिवळी नाही. ते खूश झाले.

सात खण भरले, पहिल्या रकान्यात सही केली आणि खुर्चीवरून उठलो. धाकटीला म्हटलं, बस, बसून तपास. ती एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली. डबीवर वाकली आणि तिचं डोकं खिडकीच्या उजेडात आलं. पिवळट वगैरे काही नव्हतं. सगळे केस पांढरेशुभ्र, आईचे शेवटी शेवटी होते तसे.

मी म्हटलं, "धाकटे, तुझे केस कधी गं पांढरे झाले?"

"झाली आठ वर्षं," ती म्हणाली आणि डबी जरा जास्तच वेळ तपासत बसली. मग दुसऱ्या रकान्यात सही केली. तिची स्वतःची.